बायवायरिंग: दुसरी तार ओढायची की आधी जंपर बघायचे?

मिरामारची_रेती (पणजी), धागाकर्ता

मंडळी, हॉलचे रंगकाम निघाले आहे आणि स्पीकरच्या तारेची केसिंग-पट्टी उघडी आहे. बायवायरिंगसाठी, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वूफरला (खालचे सूर) आणि ट्वीटरला (वरचे सूर) वेगवेगळी तार देण्यासाठी, दुसरी तार टाकायची असेल तर हीच वेळ. स्पीकर थ्री-वे फ्लोअरस्टँडर, मागे बाइंडिंग पोस्टच्या (तार आवळायच्या टर्मिनलच्या) दोन जोड्या, मध्ये त्या एकमेकींना जोडणारे सोनेरी पत्र्याचे जंपर. अ‍ॅम्प क्लास एबी, ८ ओहमला डॅम्पिंग फॅक्टर २०० (म्हणजे त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ८ भागिले २००, ०.०४ ओहम). प्रत्येक स्पीकरपर्यंत ४ मीटर, सध्या साधी २.५ चौ. मिमी तार. दुकानात सांगतात की बायवायरिंगने बास घट्ट होतो आणि वरचे सूर मोकळे होतात. हे आकड्यांत कुठे दिसते का? उपकरणे बदलायची नाहीत, फक्त तारेचा निर्णय घ्यायचा आहे.

ओहमचा_नियम (फोंडा)

मिरामारबाब, आधी तार मोजू. २.५ चौ. मिमी लवचीक तांब्याच्या तारेला २० अंशाला जास्तीत जास्त ७.९८ ओहम प्रति किमी रेझिस्टन्स धरतात. ४ मीटर जाऊन ४ मीटर परत, म्हणजे ८ मीटरचे ०.०६४ ओहम. तुमच्या स्पीकरचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) फ्रीक्वेन्सीप्रमाणे ३ ते २० ओहमच्या दरम्यान हलतो असे धरा. ३ ओहमपाशी तारेत ०.१८ डीबी पडतात, २० ओहमपाशी ०.०३. म्हणजे तारेमुळे रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात येतो ते) वाकतो तो ०.१५ डीबी. हीच तार ४ चौ. मिमी केली (४.९५ ओहम प्रति किमी) तर ०.१० डीबी.

आता बायवायरिंग. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर म्हणजे सूर वाटून देणारे फिल्टर; पोस्टच्या दोन जोड्यांमागे ते दोन वेगळ्या भागांत असतात, वूफरचा आणि वरच्या सुरांचा (सोयीसाठी त्याला ट्वीटरच म्हणतो), आणि एरवी ते जंपरवर एकत्र येतात. बायवायरिंग केले की एकत्र येण्याची ती जागा स्पीकरच्या पोस्टवरून अ‍ॅम्पच्या पोस्टवर सरकते. विजेच्या दृष्टीने बदल इतकाच.

बासचे बघा. वूफरच्या वाटेत आधी ४ मीटर २.५ ची तार होती, बायवायरिंगनंतरही तीच ४ मीटर २.५ ची आहे. व्हॉइस कॉइल ५.५ ओहम, क्रॉसओव्हरमधल्या कॉइलचा ०.३, तारेचा ०.०६४, अ‍ॅम्पचा ०.०४. या बेरजेत काहीच बदलले नाही, तर डॅम्पिंग कशाने बदलणार? बास घट्ट होतो हे विधान एवढ्यावरच पडते.

ट्वीटरच्या बाजूला मात्र खरा फरक आहे. एका तारेत वूफरच्या करंटमुळे जो व्होल्टेज पडतो तो ट्वीटरलाही सोसावा लागतो, दोन तारांत लागत नाही. पण १० किलोहर्ट्झला वूफरचा फिल्टर करंट घेतच नाही, त्यामुळे फरक दिसतो तो क्रॉसओव्हरच्या आसपास, जिथे दोघेही करंट घेतात. तुमच्या लांबीला तो ढोबळमानाने ०.०५ डीबी निघेल.

जवारी (म्हापसा)

गणित मान्य, पण ते फक्त रिस्पॉन्सचे झाले. बायवायरिंगच्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा विकृतीचा (डिस्टॉर्शनचा) आहे आणि तो सुटता कामा नये. वूफर हा सरळ रेझिस्टन्स नव्हे. कॉइल चुंबकाच्या फटीत पुढेमागे होते, तिचे इंडक्टन्स जागेप्रमाणे बदलते, म्हणून तिच्या करंटमध्ये मूळ सिग्नलमध्ये नसलेले हार्मोनिक्स (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले सूर) असतात. तार सामाईक असेल तर तो विकृत करंट तारेवर विकृत व्होल्टेज तयार करतो आणि ट्वीटरच्या फिल्टरला तो आयता मिळतो. वँडरस्टीनसारखे स्पीकर-निर्माते वर्षानुवर्षे बायवायरिंगचा आग्रह धरतात. दोन तारांभोवतीची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांत मिसळू नयेत हा त्यांचा युक्तिवाद आहे, म्हणून ते दोन्ही तारा थोड्या अंतराने न्यायला सांगतात.

ओहमचा_नियम (फोंडा)

जवारीबाब, मुद्दा बरोबर आहे आणि तोही मोजता येतो. वूफर २ अँपिअर घेतोय, त्यात १ टक्का विकृती, म्हणजे २० मिलिअँपिअर. गुणिले ०.०६४ ओहम, म्हणजे १.३ मिलिव्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर मूळ सिग्नल १६ व्होल्टच्या घरात, म्हणजे ही विकृती त्याच्या ८२ डीबी खाली. त्यातले कमी फ्रीक्वेन्सीचे हार्मोनिक्स ट्वीटरचा फिल्टर आणखी दाबतो.

दुसरे म्हणजे, बायवायरिंगने तारेचा सामाईक रेझिस्टन्स जातो, अ‍ॅम्पचा स्वतःचा ०.०४ ओहम राहतोच. त्यावर तोच २० मिलिअँपिअर ०.८ मिलिव्होल्ट पाडतो, म्हणजे ८६ डीबी खाली. ट्यूब अ‍ॅम्प असेल तर आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या वरही असतो, मग तारेचे ०.०६४ त्यात कुठल्या कुठे बुडून जाते. त्याच वेळी वूफर स्वतः हवेत १ टक्का, म्हणजे फक्त ४० डीबी खालची विकृती सोडतोय. तिच्याआड ८२ डीबीवाली ऐकू येणे नाही.

खारी_हवा (वास्को)

दोघांच्याही हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे जोड शून्य ओहमचे आहेत. गोव्यात ते तसे राहत नाहीत, आणि माझ्या मते अख्ख्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

खारी दमट हवा. पावसाळ्याचे चार महिने तर दारे-खिडक्या बंद ठेवल्या तरी घर ओलेच. उघडे तांबे आधी तपकिरी-काळे पडते, मग क्लोराइडने हिरवे. पारदर्शक पीव्हीसीच्या तारेत हे टोकापासून आत चढताना डोळ्यांनी दिसते. पत्र्याचे जंपर बहुतेक पितळी, वर निकेल आणि नावापुरते सोने. स्क्रू घट्ट करताना सोने घासले जाते आणि खालचे पितळ उघडे पडते. मग ट्वीटरच्या वाटेत दहा-वीस मिलीओहम येतात, कधी जास्त, आणि ते स्थिर नसतात. ज्यांना बायवायरिंग केल्याबरोबर वरचे सूर मोकळे वाटतात, त्यांनी त्या कामात प्रत्यक्षात केलेले असते काय? जंपर काढून टाकला, सगळे पोस्ट सोडून पुन्हा आवळले, आणि तारेची टोके ताजी सोलली. सुधारणा खरी असते, श्रेय दुसऱ्या तारेला जाते.

जंपर मोजायची रीत देतो. साधा मल्टीमीटर ओहमवर लावून उपयोग नाही, त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स ०.२ ओहम असतो. असे करा:

अ‍ॅम्प बंद करून तार खालच्या, म्हणजे वूफरच्या पोस्टवरून काढून वरच्या पोस्टवर लावा. जंपर जागेवर ठेवा. आता वूफरचा सगळा करंट जंपरमधून जाईल. अधिकच्या तारेत ०.१ ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. ६० हर्ट्झचा टोन लावून आवाज हळूहळू वाढवा, रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्ट एसी दिसेपर्यंत. म्हणजे ०.५ अँपिअर वाहतोय. आता एक प्रोब वरच्या पोस्टच्या धातूला, दुसरा खालच्या पोस्टच्या धातूला टेकवा, जंपरच्या पत्र्याला नव्हे, कारण आपल्याला जोडही मोजायचा आहे. १ मिलिव्होल्ट म्हणजे २ मिलीओहम, उत्तम. १० मिलिव्होल्ट म्हणजे २० मिलीओहम, साफसफाईची वेळ. अधिक आणि उणे दोन्ही जंपर तपासा. मीटरला एसीची मिलिव्होल्ट रेंज हवी. स्वस्त मीटरवर एसी २०० व्होल्टपासूनच सुरू होते, तो इथे चालणार नाही. रेझिस्टर नंतर काढायला विसरू नका.

सफाई ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने. सोन्याचा मुलामा असलेल्या भागाला पॉलिश पेपर लावायचा नाही. नुसते तांबे असेल तर हिरवे स्क्रबर हलक्या हाताने चालते. टोक काळे पडले असेल तर घासत बसू नका, चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापा.

घाट_आणि_पाट (सत्तरी)

खारी_हवांना पूर्ण दुजोरा. जंपर टाकून देऊन त्याच तारेचे तुकडे वापरावेत. २.५ किंवा ४ चौ. मिमीचा १० ते १२ सेमीचा तुकडा, दोन्ही टोकांना टिनचा मुलामा असलेले तांब्याचे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे), आणि ते चिमट्याने नव्हे तर षटकोनी डायच्या क्रिंपिंग टूलने दाबलेले. नीट दाबलेल्या क्रिंपमध्ये तांब्याचे पदर एकमेकांत इतके बसतात की आत हवा शिरत नाही. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, म्हणजे ओलावा इन्सुलेशनखालून चढत नाही.

टोकाला सोल्डर भरून ते स्क्रूखाली दाबण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती टाळा. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते, आणि काही महिन्यांत जोड सैल होतो. बनाना प्लगमध्ये सोल्डर करणे वेगळे, तिथे दाबावर काही अवलंबून नाही.

पोस्ट हाताने आवळून वर पाव फेरा, बस्स. पकडीने आवळले तर अख्खा पोस्ट आतून फिरतो आणि मागची वायर तुटते किंवा शेजारच्या टॅबला टेकते.

तार घेताना तांबेच आहे याची खात्री करा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार बाजारात भरपूर आहे. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि खाऱ्या हवेत जोड लवकर खराब. एक पदर ब्लेडने खरवडा. वर तांबूस आणि आत चंदेरी, तर ठेवून द्या. उलट, वर चंदेरी आणि आत तांबूस ही टिन केलेली तांब्याची तार. बोटींवर तीच वापरतात, आणि किनाऱ्याजवळच्या घराला तिच्याइतकी योग्य दुसरी नाही.

जुने_घर (चांदर)

इथे थोडा वेगळा प्रश्न विचारतो. जुन्या पद्धतीचे घर, मोठा साला (दिवाणखाना), अ‍ॅम्प एका कोपऱ्यात आणि स्पीकर समोरच्या भिंतीला. तार चिऱ्याच्या भिंतीच्या कडेने नेली की १५ मीटर होते. इतक्या लांबीला बायवायरिंगचा उपयोग वाढतो का?

ओहमचा_नियम (फोंडा)

वाढतो, पण त्याच पैशात त्याहून चांगले करता येते. १५ मीटरला २.५ ची तार म्हणजे ०.२४ ओहम. ३ ओहमपाशी ०.६७ डीबी, २० ओहमपाशी ०.१०, फरक साडेपाच दशांश डीबीच्या वर. हा ऐकू येऊ शकतो. बायवायरिंग केले तरी वूफरच्या वाटेत ०.२४ तसाच राहतो. त्याऐवजी ६ चौ. मिमीची एकच तार (३.३० ओहम प्रति किमी) ०.१ ओहमवर आणते आणि फरक ०.२४ डीबीवर येतो.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पॉवर अ‍ॅम्प स्पीकरजवळ ठेवून प्रीअ‍ॅम्पपासून बॅलन्स्ड एक्सएलआर केबल लांब नेणे. स्पीकरची तार मग २ मीटरची राहते. आणि साल्याला वर छत नसेल, थेट मंगलोरी कौले असतील, खाली लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, तर स्पीकरपुढे एक जाड सतरंजी अंथरा. या धाग्यातल्या सगळ्या दशांश डीबींपेक्षा तिचा परिणाम मोठा असेल.

झुआरीपलीकडे (मडगाव)

जोडणीत काय बिघडते ते एकदा लिहून ठेवतो, कारण इथे नुकसान खरे होते.

जंपर काढले आणि तार एकच लावली तर स्पीकरचा अर्धा भाग गप्प. नुकसान नाही. दोन तारा लावल्या आणि जंपर तसेच राहिले, तरीही नुकसान नाही, दोन तारा समांतर झाल्या इतकेच. पण बायअ‍ॅम्पिंग करताना, म्हणजे दोन वेगळे अ‍ॅम्प चॅनल लावताना, जंपर राहिले तर दोन अ‍ॅम्पचे आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. प्रोटेक्शन वेळेवर लागले तर नशीब, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर गेले. अ‍ॅम्प चालू करण्यापूर्वी, तारा लावण्याआधीच, वरच्या आणि खालच्या अधिक पोस्टमध्ये मल्टीमीटरने कंटिन्युइटी बघायची. बीप आला तर थांबा. उणे बाजूलाही तेच.

एव्ही रिसीव्हरमध्ये सराउंड बॅकचे चॅनल बायअ‍ॅम्पला देता येतात. पॉवर सप्लाय एकच असल्याने ताकद दुप्पट होत नाही, आणि ते सेटिंग मेनूमध्ये बदलायला विसरले तर वरच्या पोस्टला सिग्नलच मिळत नाही.

पुढचे, स्पीकर ए आणि बी अशी दोन टर्मिनल असलेले अ‍ॅम्प. बहुतेकांत ए+बी समांतर असते, तिथे ए वूफरला आणि बी ट्वीटरला लावता येते. काही रिसीव्हरमध्ये मात्र ए+बी सिरीजमध्ये जाते. तसे असेल तर वूफर आणि ट्वीटरचे फिल्टर एकामागे एक जोडले जातात आणि आवाज अगदी पोकळ, मरतुकडा येतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले नसेल तर दोन्ही तारा ए वरच लावा.

पोलॅरिटीही तपासा. चार टोकांत एक जोडी उलटी लागणे फार सोपे. चौथ्या ऑर्डरच्या लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरची जोडी उलटी लागली तर क्रॉसओव्हरपाशी खोल खड्डा पडतो. बास ठीक, वरचे सूर ठीक, पण गाणाऱ्याचा आवाज मागे गेल्यासारखा. यूएमआयके-१ हा मोजणीचा माइक आणि आरईडब्ल्यू हे मोजणीचे सॉफ्टवेअर असेल तर ट्वीटरच्या उंचीवर १ मीटरवरून एक स्वीप घ्या, खड्डा लगेच दिसतो.

जवारी (म्हापसा)

विकृतीचा हिशोब मी मान्य करतो. तरी एखाद्याला कानाने ठरवायचे असेल तर चाचणी अशी हवी की त्यात जोड आणि तांबे दोन्ही सारखे राहतील. दोन तारा लावा. दोन्ही स्पीकरचे सगळे पोस्ट साफ करा. आता बदलायचे ते फक्त जंपर: असताना समांतर तारा, नसताना बायवायरिंग. तार तीच, प्लग तेच, अ‍ॅम्पची बाजू तीच. जंपर दुसऱ्या कुणीतरी घालायचे-काढायचे, ऐकणाऱ्याला सांगायचे नाही.

ऐकायला तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमारा एकाच वेळी असलेले स्वच्छ डिजिटल रेकॉर्डिंग घ्या, कारण दोन टोकांची फ्रीक्वेन्सी एकत्र हवी. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या ७८ आरपीएम तबकड्या आपल्या काळजाच्या असल्या तरी या कामाला नकोत. त्यांत वरची फ्रीक्वेन्सी मुळातच नाही. आणि पाऊस कौलांवर वाजत असताना चाचणी करू नये.

ओहमचा_नियम (फोंडा)

चाचणी उत्तम आहे, आणि तिच्यातच एक उत्तर दडले आहे. जंपर ठेवून दोन तारा समांतर केल्या तर रेझिस्टन्स ०.०३२ ओहम, दोन्ही बाजूंना. जंपर काढले तर प्रत्येक बाजूला ०.०६४. म्हणजे दोन तारांचे पैसे खर्च केलेच असतील, तर चांगले जंपर ठेवून समांतर वापरणे वूफरच्या दृष्टीने सरस ठरते.

निर्मात्यांतही एकमत नाही. डायनॉडिओ, विल्सन ऑडिओ एकच जोडी देतात. बी अँड डब्ल्यूच्या वरच्या मालिकांना दोन जोड्या असतात. केईएफच्या एलएस५० ला एक जोडी, आर३ ला दोन. त्यामुळे मागच्या पोस्टच्या संख्येवरून स्पीकरचा दर्जा ठरवू नये.

एक अपवाद: नेम (Naim) कंपनीचे जुने अ‍ॅम्प असतील तर त्यांनी सांगितलेलीच तार आणि किमान ३.५ मीटर लांबी पाळा. त्या अ‍ॅम्पना स्थिर राहायला तारेचे इंडक्टन्स लागते. घट्ट विणलेल्या, जास्त कपॅसिटन्सच्या दोन तारा समांतर लावल्या तर तसा अ‍ॅम्प ऑसिलेट करून गरम होऊ शकतो.

मिरामारची_रेती (पणजी), धागाकर्ता

खारी_हवांच्या रीतीने मोजले, ०.५ अँपिअरवर. डावा स्पीकर: अधिक १.२, उणे १.५ मिलिव्होल्ट. उजवा: अधिक १४, उणे १.६. उजव्याचा अधिक जंपर बाहेर काढला तर पत्र्याच्या भोकाला एका बाजूने कंगोरा आहे आणि पोस्टच्या कॉलरवर फक्त एक चंद्रकोरीएवढा भाग घासलेला दिसतो. बाकी सगळीकडे सोने जसेच्या तसे. पोस्ट तर घट्टच होता. मग आता पट्टीत काय टाकू?

खारी_हवा (वास्को)

२८ मिलीओहम, म्हणजे तुमच्या अख्ख्या तारेच्या जवळपास निम्मा. पत्रा कापताना राहिलेल्या त्या कंगोऱ्यावर कॉलर टेकली आहे, म्हणून आवळले तरी बाकीचा पृष्ठभाग टेकतच नाही. उलट्या बाजूने बसवून बघू नका, चारही जंपर घाट_आणि_पाट यांनी सांगितले तसे तारेचे करा.

घाट_आणि_पाट (सत्तरी)

पट्टीत ४ कोअर (आत चार वेगळ्या तारा असलेली) २.५ चौ. मिमीची गोल लवचीक केबल टाका, शक्यतो टिन केलेली. पट्टी पुन्हा उघडावी लागणार नाही आणि दोन्ही पर्याय हातात राहतील. टोक कापून रंगांचा क्रम बघा, बहुतेक लाल, पिवळा, निळा, काळा असा गोल येतो. समोरासमोरचे रंग जोडीने धरायचे.

आत्ता जंपर ठेवून: लाल आणि निळा एकत्र अधिक, पिवळा आणि काळा एकत्र उणे. अशा मांडणीत इंडक्टन्सही कमी होते. दोन कोअर एकाच मोठ्या लगमध्ये घ्या, दोन लग एकावर एक चढवू नका.

पुढे कधी बायवायरिंग करावेसे वाटले तर: वूफरला लाल अधिक, निळा उणे, ट्वीटरला पिवळा अधिक, काळा उणे. समोरासमोरच्या जोड्यांमुळे दोन सर्किटांचा एकमेकांवर परिणाम सगळ्यात कमी होतो, म्हणजे जवारीबाबांनी सांगितलेली अंतराची अटही बऱ्याच अंशी पाळली जाते. दोन्ही टोकांना आत्ताच रंगीत टेप लावून ठेवा.

वीजवाहिनी त्याच पट्टीत असेल तर स्पीकरची केबल तिच्यातून नको, वेगळी पट्टी घ्या.

मिरामारची_रेती (पणजी), धागाकर्ता

देव बरें करूं, सगळ्यांना. वीज वेगळ्या पाइपमधून जाते. ४ कोअर टाकतो, जंपर तारेचे करतो. पोस्टचा व्यास ८ मिमी आहे, लग कुठल्या भोकाचा घेऊ?

घाट_आणि_पाट (सत्तरी)

८ मिमीच्या पोस्टला ८.४ मिमी भोकाचा रिंग लग, पण त्यासाठी पोस्टची टोपी पूर्ण निघायला हवी. निघत नसेल तर त्याच मापाचा, एका बाजूने उघडा स्पेड लग. केबलच्या टोकाला दोन कोअर एकत्र म्हणजे ५ चौ. मिमी, म्हणून ६ चौ. मिमीचा लग आणि ६ चाच डाय घ्या. दाबल्यावर तार जोरात ओढून बघा, जरा जरी सरकली तर तो लग कापून नवा लावा.

खारी_हवा (वास्को)

आणि पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये ती ६० हर्ट्झची मोजणी पुन्हा करून आकडे इथेच लिहा. टिनच्या लगला खारी हवा किती सोसते ते सगळ्यांनाच कळेल.